लय कोणाच्या हाती? श्रमगीतांपासून फोक-रॉकपर्यंत

१/
अंगणातले तण उपटावे, वाफे खणावेत, लाकडे फोडावीत आणि कानांत एखाद्या फोक-रॉक वाद्यवृंदाचे दणदणीत गाणे असावे, हा अनुभव आज जगभर परिचित आहे. ढोलाच्या ठेक्यावर कुदळ पडू लागते, फिडल वेग घेते आणि कंटाळवाणे काम हलके वाटू लागते. ही सवय हेडफोनच्या युगातली वाटते खरी. पण त्या गाण्यांपैकी कित्येकांचा जन्मच कामाच्या जागी झाला होता. शेतातून, जहाजावरून आणि कापडाच्या फळीवरून निघालेली ही गाणी पुन्हा अंगणात कशी पोहोचली, त्याचा हा धागा. 🧵

२/
या साऱ्या प्रवासात एक प्रश्न सतत सोबत राहतो. कामाची लय ठरवतो कोण? राबणारा, राबवून घेणारा, की यंत्र? श्रमगीतांचा इतिहास हा केवळ सुरांचा इतिहास नव्हे. श्रमावर सत्ता कोणाची, याचाही तो इतिहास आहे.

३/
प्रारंभ १७७३ पासून करू. इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सन त्या वर्षी स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांच्या प्रवासावर होते. रासे नावाच्या बेटावर त्यांनी कापणी पाहिली. कापणारे एका सुरात गात होते आणि गाण्याच्या चढउतारावर त्यांचे विळे चालत होते. जॉन्सन यांनी आपल्या प्रवासवर्णनात याची आवर्जून नोंद केली.

४/
मराठी वाचकास हे दृश्य अपरिचित वाटणार नाही. कापणी-मळणीच्या वेळी म्हटली जाणारी आपली ‘भलरी’ याच जातीची. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती झेलायची. गावकऱ्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबण्याची ‘इरजिक’ची प्रथाही अशा गाण्यांना पोषक होती. रासे आणि सह्याद्री यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पण विळा, ऊन आणि माणसांची रांग या तीन गोष्टी सारख्या असल्या, की गाण्याची घडणही सारखीच होते.

५/
ही घडण अशी का? अनेक माणसे एकत्र राबतात, तेव्हा तीन अडचणी येतात: सर्वांचा जोर एकाच क्षणी लागावा, दम टिकावा आणि वेळ सरावी. गाणे तिन्ही प्रश्न एकदम सोडवते. ठेक्यावर जोर लागतो. म्होरक्या ओळ म्हणत असताना इतरांना श्वास घ्यायला सवड मिळते. आणि शब्दांत मन गुंतले, की सूर्य केव्हा कलला ते कळत नाही. या अर्थाने गाणे हे विळ्याइतकेच अवजार होते.

६/
स्कॉटलंडच्या हेब्रिडीझ बेटांवरील स्त्रियांनी हे अवजार विलक्षण कुशलतेने वापरले. हातमागावरून उतरलेले लोकरीचे कापड सैल असे. ते घट्ट व ऊबदार व्हावे म्हणून शिळ्या मूत्रात भिजवून कुटावे लागे. त्यातील अमोनियामुळे लोकरीचा तेलकटपणा जाई आणि रंगही पक्का होई. लांब फळीभोवती स्त्रिया समोरासमोर बसत आणि ओले, जड कापड तासन् तास आपटत, मळत, शेजारणीकडे सरकवत. या गाण्यांना इंग्रजीत ‘वॉकिंग साँग’ म्हणतात. चालण्याशी त्याचा संबंध नाही. कापड कुटण्याच्या क्रियेचे ते स्कॉटिश नाव आहे.

७/
एक स्त्री ओळ म्हणे, बाकीच्या ध्रुपद उचलत. ध्रुपदात बहुधा निरर्थक अक्षरेच असत, कारण त्यांचे काम अर्थ सांगण्याचे नव्हते, ठेका धरण्याचे होते. कापड तयार होण्यास किती वेळ लागणार, हेही गाण्यांच्या संख्येवर मोजले जाई. एका बैठकीत तेच गाणे पुन्हा म्हणणे अशुभ, असा समज होता. त्यामुळे गाण्यांचा साठा मोठा असणे भागच होते. समुद्रात बुडालेला प्रियकर, कुळांमधील वैर, सासुरवास, एखाद्या तरुणीची थट्टा, सगळे त्या फळीवर येई. पुरुष सहसा तिथे फिरकत नसत. आपल्याकडे जात्यावर बसलेल्या बाईला जे मोकळेपण मिळे, तेच इथे फळीभोवती मिळत होते.

८/
आता बेटांवरून समुद्राकडे वळू. एकोणिसाव्या शतकातील व्यापारी शिडाच्या जहाजांवर माणसे कमी आणि काम अफाट असे. जड शीड वर चढवणे, नांगर ओढून घेणे, तळाशी साचलेले पाणी पंपाने उपसणे, हे सारे मनगटांच्या बळावर. अशा वेळी म्होरक्या खलाशी, म्हणजे ‘शँटीमन’, गाणे उचली. चांगले गाणे दहा माणसांच्या तोडीचे असते, असे खलाशी म्हणत.

९/
कामाप्रमाणे गाण्याची ठेवण बदले. शिडाचा दोर ओढताना ध्रुपदातील ठरावीक शब्दावरच झटका द्यायचा असे. मधली ओळ विश्रांतीची. नांगर ओढण्यासाठी मात्र ‘कॅप्स्टन’ या उभ्या रहाटाच्या दांड्यांना छाती लावून गोल फिरावे लागे. तिथे झटका नको, सलग चाल हवी. म्हणून कॅप्स्टनची गाणी पावलांच्या चालीवर बेतलेली आणि लांब ध्रुपदांची. जाणकाराला केवळ चाल ऐकून काम ओळखता येई.

१०/
ही गाणी केवळ इंग्रज खलाशांची निर्मिती नव्हती. अमेरिकेच्या दक्षिणेकडील मोबील आणि न्यू ऑर्लिन्स या बंदरांत कृष्णवर्णीय कामगार जहाजांच्या पोटात कापसाचे गठ्ठे मोठ्या स्क्रूंनी दाबून बसवत आणि त्या कामावर गात. त्यांच्या ओळ-आणि-ध्रुपद पद्धतीचा, तसेच कॅरिबियन बेटांवरील गायकीचा शँटींवर खोल ठसा आहे. आज ज्यास ‘ब्रिटिश परंपरा’ म्हटले जाते, तिच्या मुळाशी आफ्रिकी वंशाच्या मजुरांचा घाम आहे.

११/
आणि सत्तेचे काय? ब्रिटिश युद्धनौकांवर कामाच्या वेळी गाण्यास सहसा मनाई असे; तिथे शिट्टी आणि हुकूम चाले. व्यापारी जहाजावर मात्र शँटीमन गाता गाता निकृष्ट अन्नावर, कंजूष मालकावर, कठोर कप्तानावर टोमणे मारू शकत असे. एरवी जे उच्चारणे धोक्याचे, ते गाण्यात खपून जाई, कारण गाणे थांबवले तर कामही थांबे. ‘लीव्ह हर, जॉनी’ हे गाणे तर सफरीच्या अखेरीस, जणू साऱ्या तक्रारींचा हिशेब मांडण्यासाठीच म्हटले जाई.

१२/
लयीवरील हक्काचे सर्वांत करुण उदाहरण अमेरिकेतील तुरुंग-शेतांत दिसते. मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगात १९४७-४८ मध्ये ॲलन लोमॅक्स यांनी कैद्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. एकाच झाडाभोवती उभे राहून अनेकजण कुऱ्हाडी चालवत. ठेका चुकला तर कुऱ्हाड शेजाऱ्याच्या अंगावर. शिवाय सर्वांच्या कुऱ्हाडी एका लयीत पडत असल्या, की म्हातारा किंवा आजारी कैदी मागे पडलेला दिसत नसे आणि पहारेकऱ्याच्या नजरेतून वाचे. बंदूक पहारेकऱ्याकडे होती, पण वेग ठरवणारा आवाज कैद्याचा होता.

१३/
मग हा आवाज गेला कुठे? पहिला घाव वाफेने घातला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबईचा समुद्रमार्ग हजारो मैलांनी घटला. पण शिडाच्या जहाजांना त्या मार्गाचा फारसा उपयोग नव्हता; लाभ झाला तो आगबोटींना. वाफेवर चालणाऱ्या यंत्राने नांगर ओढला जाऊ लागला, तेव्हा त्याला गाण्याची गरज उरली नाही. ब्रिटनच्या अखेरच्या मोठ्या व्यापारी शिडजहाजांपैकी ‘गार्थपूल’ १९२९ मध्ये केप व्हर्द बेटांपाशी फुटले. त्यावर शँटीमन असलेले स्टॅन ह्यूगिल पुढे ‘अखेरचे शँटीमन’ म्हणून ओळखले गेले.

१४/
दुसरा घाव कारखान्यांनी घातला आणि तो हेतुपुरस्सर होता. मँचेस्टरजवळील टिल्ड्स्ली येथील सूतगिरणीच्या कामगारांनी १८२३ मध्ये तेथील दंडांची यादी प्रसिद्ध केली. खिडकी उघडी सापडली तर १ शिलिंग. कामाच्या वेळी अंग धुताना आढळल्यास १ शिलिंग. आणि शीळ वाजवताना ऐकू आल्यास तोच १ शिलिंग! शिळेने सुताचे काय बिघडणार होते? पण लय आता यंत्राची होती. तिच्यात मजुराने स्वतःची लय मिसळणे म्हणजे शिस्तभंग.

१५/
सुमारे शतकभराने मालकांना आणि शासनाला उलट साक्षात्कार झाला. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत तेच ते काम करून कामगार थकत होते. २३ जून १९४० रोजी बीबीसीने ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा कार्यक्रम सुरू केला. सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास, ध्वनिक्षेपकांवरून सलग संगीत. कालांतराने रात्रपाळीसाठीही प्रसारण सुरू झाले. सुरावटी प्रसन्न हव्यात, ठेका स्थिर हवा, झोप आणणारे काही नको, असा कटाक्ष असे.

१६/
या कार्यक्रमातील एक बंदी विशेष बोलकी आहे. ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस’ हे त्या काळचे लोकप्रिय गीत. त्याच्या ध्रुपदात टाळ्या आहेत. कामगार हातांतले काम सोडून टाळ्या वाजवतील किंवा पाने-हातोडे यंत्रांवर आपटतील, या भयाने ते गीत कार्यक्रमातून वगळण्यात आले. म्हणजे कामगाराने संगीत ऐकावे, पण त्यात सामील होऊ नये. भलरीतील झेलणारे, फळीभोवतीच्या स्त्रिया, दोर ओढणारे खलाशी, यांचा नेमका हाच हक्क इथे काढून घेतला गेला होता. हा कार्यक्रम १९६७ पर्यंत चालला.

१७/
जी गाणी कामातून हद्दपार होत होती, त्यांना याच काळात संग्राहकांनी वह्यांत आसरा दिला. सेसिल शार्प यांनी १९१४ मध्ये सॉमरसेटच्या वॉचेट गावी जॉन शॉर्ट या वृद्ध खलाशाकडून ५० हून अधिक गाणी उतरवून घेतली. १९५१ मध्ये एडिंबरात ‘स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज’ स्थापन झाले आणि गेलिक गाणी ध्वनिफितींवर जमा होऊ लागली. महाराष्ट्रातही विजेच्या पंपाने मोटेवरचे गाणे आणि पिठाच्या गिरणीने जात्यावरची ओवी थांबवली. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या.

१८/
संग्रहातील गाणे टिकते, पण निपचित असते. त्यास पुन्हा धडधड मिळाली ती रॉक संगीतामुळे. आणि यातली गंमत अशी, की खुद्द ब्रिटिश रॉकच्या पायातही श्रमगीतच होते. ‘रॉक आयलंड लाइन’ हे गाणे रेल्वे कामगारांमध्ये जन्मले. १९३४ मध्ये जॉन लोमॅक्स यांनी ते आर्कान्सासमधील कैद्यांकडून ध्वनिमुद्रित केले. लेडबेली या गायकाने ते सर्वदूर नेले आणि १९५६ मध्ये लॉनी डॉनेगन यांच्या आवाजात ते ब्रिटनभर गाजले. त्यातून उसळलेल्या ‘स्किफल’च्या लाटेत लिव्हरपूलच्या काही मुलांनी ‘क्वॉरीमेन’ हा गट काढला. तोच पुढे ‘बीटल्स’ झाला.

१९/
इंग्रजी फोक-रॉकचा निर्णायक क्षण एका दुर्घटनेनंतर आला. मे १९६९ मध्ये ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या वाद्यवृंदाच्या गाडीला अपघात झाला आणि तरुण ड्रमवादक मार्टिन लँबल यांचा मृत्यू झाला. खचलेल्या सहकाऱ्यांनी जुना मार्ग सोडला. बासवादक ॲशली हचिंग्ज सेसिल शार्प यांच्या नावाने उभ्या असलेल्या वास्तूतील ग्रंथालयात जुनी गाणी धुंडाळू लागले. डेव्ह स्वॉरब्रिक यांचे फिडल आणि नवे ड्रमवादक डेव्ह मॅटॅक्स यांचा ठेका यांच्या साथीने त्याच वर्षअखेरीस ‘लीज अँड लीफ’ हा संग्रह आला. त्यातील बरीच गाणी कथागीते होती, श्रमगीते नव्हती. पण जुन्या गाण्याखाली ड्रम आणि बास घालण्याची रीत तिथे सिद्ध झाली.

२०/
त्या वाटेवरून पुढे श्रमगीतेही आली. स्कॉटलंडच्या ओबान गावी १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅपरकेली’ने ‘कोशिख अ रूइन’ हे कापड कुटण्याचे गेलिक गीत नव्या वाद्यमेळात बांधले. ते सुमारे चारशे वर्षे जुने मानले जाते. कॅरन मॅथेसन यांच्या आवाजातील हे गीत १९९२ मध्ये ब्रिटनच्या पहिल्या चाळीस गाण्यांच्या यादीत पोहोचले. स्कॉटिश गेलिक भाषेतील गीतास असा मान प्रथमच मिळत होता. फळीभोवतीच्या अनामिक स्त्रियांचा ठेका आता मोटारीत, स्वयंपाकघरात, बागेत घुमू लागला.

२१/
१९८२ मध्ये लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या ‘द पोग्ज’नी ‘साउथ ऑस्ट्रेलिया’ हे कॅप्स्टनचे गाणे घेतले आणि ते असे काही भरधाव वाजवले, की त्या गतीने नांगर ओढणे कोणत्याही खलाशास जड गेले असते. ही परंपरेची विटंबना म्हणावी का? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्या गतीमागे आता नांगर नव्हता, नाचणारे पाय होते. काम बदलले, की गाण्याची गती बदलते, हा तर शँटीचाच जुना नियम.

२२/
मात्र गाणे रंगमंचावरून अंगणात येण्यास आणखी एक वस्तू लागली. १९५४ मध्ये ‘रीजन्सी टीआर-१’ हा खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेत विक्रीस आला. १ जुलै १९७९ रोजी सोनीने जपानमध्ये ‘वॉकमन’ आणला. गाणे निवडण्याचा अधिकार कारखान्याच्या ध्वनिक्षेपकाकडून सुटून ऐकणाऱ्याच्या मुठीत आला. शिळेबद्दल १ शिलिंग दंड भरणाऱ्या टिल्ड्स्लीच्या कामगारास याचे मोल कोणी समजावून सांगावे लागले नसते.

२३/
लाकडे फोडताना, गवत कापताना फोक-रॉकच का रंगते, याचे उत्तरही इथेच सापडते. माणसाची सहज चाल मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलांची असते. नृत्याचे आणि चालीचे बहुतेक ठेके याच्या आसपास फिरतात. शिवाय ओळ आणि ध्रुपद यांची जुनी पाळी शाबूत असते, त्यामुळे जोर केव्हा लावावा आणि दम केव्हा घ्यावा, हे शरीर आपसूक ओळखते. ज्या हालचालींनी या गाण्यांना घडवले, त्याच हालचाली शरीर पुन्हा करत असते.

२४/
तरीही या व्यवहारात काही हरवले आहे, हे मान्य केले पाहिजे. शँटीमन थकलेल्या हातांकडे पाहून गाणे संथ करी, काम लांबले तर नवी ओळ जोडी. ध्वनिमुद्रित गाणे कोणासाठी थांबत नाही. हेडफोन लावलेला माणूस आपल्या मर्जीचे गाणे निवडतो, पण त्यात स्वतःची ओळ घालू शकत नाही आणि त्याच्या ओळीला उत्तर देणारे शेजारीही कोणी नसते. इरजिकीतील माणूस असा एकटा नव्हता.

२५/
म्हणूनच २०२१ च्या आरंभी घडलेली घटना लक्षणीय ठरते. टाळेबंदीच्या दिवसांत नेथन एव्हान्स या स्कॉटिश पोस्टमनने ‘वेलरमन’ हे गाणे टिकटॉकवर गायले. गाणे न्यूझीलंडचे. १८३१ मध्ये ओटागो येथे व्हेल-शिकारीचे ठाणे उभारणाऱ्या वेलर बंधूंचा त्यात संदर्भ आहे. काटेकोरपणे पाहता ती शँटी नव्हे, सागरी कथागीत आहे. पण घरात अडकलेल्या अनोळखी माणसांनी त्यावर आपापला आवाज चढवला: कोणी खर्ज, कोणी फिडल, कोणी टाळ्या. मार्चमध्ये त्याची नवी आवृत्ती ब्रिटनच्या यादीत अग्रस्थानी होती.

२६/
लोकांनी या गाण्यात काय शोधले? जुना सूर तर होताच. पण त्याहून अधिक ओढ असावी ती झेलण्याच्या जागेची. ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस’वरील बंदीने जी टाळी नाकारली होती, तीच टाळी इथे आपखुशीने पडत होती.

२७/
तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकाने पुढच्या वेळी फावडे उचलताना फोक-रॉक अवश्य लावावे, पण ध्रुपदाला स्वतःचाही आवाज मिसळावा. आणि घरात भलरी, मोटेवरची गाणी किंवा ओव्या येणारे कोणी वडीलधारे असेल, तर एका ओवीपुरता का होईना, तो आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा. सोबत गावाचे नाव, गाणाऱ्याचे नाव आणि ते गाणे कोणत्या कामावर म्हटले जाई, हेही नोंदवावे. हेब्रिडीझची गाणी वाचली ती कोणीतरी वेळेवर ध्वनिफीत घेऊन दारात पोहोचले म्हणून. कामाचा तपशील नोंदलेला असेल, तर उद्याच्या एखाद्या वाद्यवृंदाला त्यातला ठेका नेमका सापडेल.

(धागा समाप्त)